गार इंजिन, दीडशे अंश

डेट्रॉईटच्या आसपास माणसं आठवडाभर पगारासाठी गाड्या जोडतात आणि शनिवारी हौसेसाठी उघडून बसतात. माझा मेहुणा त्यातलाच. त्याच्याकडे १९९० ची माझदा मियाटा आहे. तिच्या इंजिनाचा कारभार मूळ कॉम्प्युटरकडून काढून त्याने कधीच मेगास्क्वर्टकडे सोपवलाय. ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी २००१ मध्ये आणलेलं हे किट. सोल्डरिंग आपणच करायचं, कुठल्या आरपीएमला किती पेट्रोल तेही आपणच ठरवायचं.

यंदा त्याने काट्यांची मीटरं काढून तिथे रंगीत डिजिटल डिस्प्ले बसवायला घेतला. माझ्याकडे बॅटरी धरायचं खातं आलं.

"दाजी, दोनच वायरी तर जोडायच्यात."

मी आत जाऊन जेवण झाकून ठेवायला सांगून आलो.

डिस्प्लेला कॅन कळतं, म्हणजे गाडीतल्या यंत्रांचं आपसातलं बोलणं. बोशने ते १९८६ मध्ये याच डेट्रॉईटमध्ये जगापुढे मांडलं. त्यात प्रत्येक यंत्र न विचारता दिवसभर आपली खबर सगळ्यांना देत राहतं. मेगास्क्वर्टची ही पहिली पिढी मात्र आमच्या आजोबांसारखी: विचाराल तेवढंच बोलणार. सिरीयल वायरीवरून त्याला 'ए' हे एक अक्षर पाठवायचं, ते २२ बाइट उत्तर देतं आणि गप्प बसतं. मला हा स्वभाव फार सुसंस्कृत वाटला. मेहुण्याला वाटला नाही.

मग मध्ये एक छोटा बोर्ड आला. तो इकडे 'ए' विचारणार, आलेलं उत्तर कॅनच्या पाकिटांत भरून तिकडे ढकलणार. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावले, मीटरवर ६० दिसले, आणि मेहुण्याने वहिनींना हाक मारून ते दाखवले. वहिनी "छान" म्हणाल्या.

डिस्प्ले उजळला. रात्रभर गॅरेजात गारठलेल्या इंजिनाचं तापमान दीडशे अंशांच्या घरात! लाल अक्षरं लुकलुकायला लागली. गाडी चालू केली तर आकडा उतरायला लागला. रेडिएटरचा पंखा फिरू लागला, बॉनेटवर हात ठेववेना, आणि स्क्रीनवर निवांत बावीस. महाबळेश्वरची हवा.

कारण साधं होतं. तापेल तसा तापमानाच्या सेन्सरचा रोध कमी होतो, आणि मेगास्क्वर्ट अंश पाठवतच नाही. सेन्सरचं व्होल्टेज ० ते २५५ मधल्या एका आकड्यात बसवून ते मोकळं होतं. त्याचे अंश करायचा तक्ता लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरकडे. आपण विचारलं 'किती', त्याने सांगितलं किती. कशाचं, हे आपण विचारलंच नव्हतं. आरपीएमही ते शंभराच्या पटीत सांगतं. उगाच आठशे सदतीस वगैरे चोंबडेपणा नाही.

तक्ता बोर्डात भरला. सगळे आकडे शहाण्यासारखे वागू लागले. मेहुण्याने व्हिडिओ काढला, भारतात पाठवला, आणि मला शेजारी बसवून गाडी रस्त्यावर काढली.

"वेग कुठे दिसतो रे?" मी विचारलं.

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मियाटाचा वेगाचा काटा गिअरबॉक्सकडून आलेल्या केबलवर फिरायचा. तो काटा आता खोक्यात होता. मेगास्क्वर्टच्या २२ बाइटांत वेग नाहीच. इंजिन चालतंय एवढं त्याला पुरतं, गाडी चालतेय की नाही ही चौकशी ते करत नाही.

"दाजी, तुमच्या फोनवर जीपीएस आहे ना?"

तेव्हापासून गाडीत दोन डिस्प्ले आहेत. एक रंगीत, आणि दुसरा मी. मीही विचारल्यावरच बोलतो.

"किती?"

"त्रेचाळीस."

"मैल की किलोमीटर?"

ते त्याने आधी विचारलं नव्हतं.