साहेबांची टर्म आणि दहा वर्षांची अट

आमच्या साहेबांना सहकारी बँकेच्या संचालक मंडळातून उठावं लागलं, तेव्हा तालुक्यात फार हळहळ झाली. पण कायदा म्हणजे कायदा. संचालकानं सलग दहा वर्षं बसायचं आणि मग उठायचं. आधी तर आठच होती. २०२५च्या दुरुस्तीनं दोन वाढली. एकच माणूस फार काळ बसला की हितसंबंध तयार होतात, कर्जं ओळखीपाळखीत जातात, नव्यांना वाव मिळत नाही, हे सगळं साहेबांना मनापासून पटलेलं आहे. विधेयक मंजूर होताना लोकसभेत बाकं वाजवणाऱ्यांत ते स्वतः होते. ही त्यांची खासदारकीची सहावी टर्म.

कुणी किती दिवस बसावं, याचा हिशेब आपल्याकडे तसा चोख आहे. राज्य सरकारचा कारकून ५८व्या वर्षी घरी जातो, शिपाई ६०व्या. क्रिकेट मंडळातल्या मंडळींना लोढा समितीनं सक्तीची विश्रांती लावली. खासदाराला अट आहे ती फक्त आत शिरण्याची: लोकसभेला वय २५, राज्यसभेला ३०. पुढे मोकळं रान. उलट, माजी खासदाराला महिना ३१,००० रुपये पेन्शन, आणि पाच वर्षांच्या वर जितकी वर्षं काढली, त्या प्रत्येक वर्षाचे महिन्याला आणखी २,५००. बँकेत जो रोग ठरतो, तो संसदेत अनुभव ठरतो, आणि अनुभवाला वेतनवाढ मिळते.

"मर्यादा घालायला मतदार आहे ना!" असं साहेब म्हणतात. मुद्दा बिनतोड आहे. १९७७ मध्ये रायबरेलीनं साक्षात इंदिरा गांधींना घरी बसवलं होतं. आमच्या मतदारसंघात अडचण एवढीच की पक्षाचं तिकीट साहेबांच्या खिशात असतं आणि विरोधी पक्षाचं त्यांच्या व्याह्यांच्या. शिवाय साहेब सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचा दाखला हमखास देतात. अकरा वेळा आमदार, आणि तरी एसटीनं फिरणारा माणूस! त्यातलं 'अकरा वेळा' साहेबांनी घेतलं आहे. एसटीचं पुढच्या टर्मला बघू म्हणाले.

मध्यंतरी कुणीतरी त्यांना अमेरिकेतली एक गोष्ट ऐकवली. स्पोकेनचे टॉम फोली तीस वर्षं तिथल्या प्रतिनिधिगृहात होते, सभापतिपदापर्यंत पोचले. १९९४ मध्ये जॉर्ज नेदरकट नावाचे वकील उभे राहिले. मी तीनच टर्म करीन, असा शब्द दिला आणि फोलींना पाडलं. तीन टर्म संपल्यावर, २००० साली, ते चौथ्यांदा उभे राहिले. निवडूनही आले. पाचवीही केली. साहेबांनी हे डोळे मिटून ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "माणूस आपल्याकडचा दिसतोय."

पण त्यांचं खरं मतपरिवर्तन केलं फिलिपिन्सनं. तिथल्या १९८७च्या राज्यघटनेत प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला सलग तीनच टर्मची अट आहे. तिसरी संपली की बायको उभी राहते, नाहीतर मुलगा, नाहीतर भाऊ. अट 'सलग'ची असल्यानं एक टर्म घरच्यांनी खुर्ची सांभाळली की साहेब पुन्हा हजर. हे ऐकल्यापासून साहेब मुदतमर्यादेचे कडवे समर्थक झाले आहेत. वहिनीसाहेबांचे फ्लेक्स लागले, धाकट्यांच्या नावामागे 'युवा' लागलं. सूनबाईंना हळदीकुंकवाला माइक देऊन पाहिलं. आवाज चांगला लागतो म्हणे.

आता साहेब खासगी विधेयक मांडणार आहेत: खासदाराला सलग तीन टर्म, मोजणी पुढच्या निवडणुकीपासून, मागचं सगळं माफ. मसुदा करणाऱ्या वकिलानं 'आणि त्याच्या कुटुंबातील व्यक्ती' असे शब्द घातले होते. साहेबांनी त्यावर लाल रेघ ओढली. मग त्यांनी वकिलाला विचारलं, हे चुकून मंजूर तर होणार नाही ना? वकील म्हणाला, निर्धास्त राहा. खासगी विधेयकाचा कायदा शेवटचा झाला तो १९७० साली.

साहेबांनी लगेच सही केली आणि पत्रकार परिषद बोलवायला सांगितली.