दारवाले काका

रुमाल एक वेळ घरी राहील, पण टेस्टर खिशात असल्याशिवाय जे खाली उतरत नाहीत, असे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. चिंचवडच्या कारखान्यात मेंटेनन्सला जन्म गेलेला. पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे, गणपतीतल्या माळा, सगळ्यांची नाडी यांच्या हातात. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी व्हीलचेअरवर आल्या आणि लॉबीला बटण दाबून उघडणारं दार बसवायचं ठरलं, तेव्हा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा ग्रुपवर टाकून विरोधकांची तोंडं बंद केली तीही काकांनीच.

बसवायला आलेला पोरगा शहाणा होता. त्यानं यंत्राचं खोकं आधी उघडलंच नाही. दार हातानं लोटून पाहिलं, बिजागऱ्यांना तेल दिलं, जुना क्लोजर उतरवला. नाहीतर एक लोटणार, दुसरा ओढणार. काकांना हे इतकं पटलं, की त्यांनी तेच सगळं त्याला पुन्हा समजावून सांगितलं.

त्या यंत्राला पहिल्यांदा वीज दिली की दार आपणहून सावकाश उघडून मिटतं आणि कुठवर जायचं ते शिकून घेतं. तेवढा वेळ कोणी मध्ये यायचं नसतं. भिंतीला आपटेल या काळजीनं काका आले. जग निम्म्यावरच संपतं, असा दाराचा समज झाला. पोरानं मुकाट्यानं पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. ‘‘बघा, माझ्या हातानं वळण लागलं,’’ काका म्हणाले.

पोरगा गेला आणि वरच्या डब्याची चावी काकांकडे राहिली. आत काय काय फिरवता येतं! उघडण्याचा वेग, मिटण्याचा वेग, लॅच पडताना शेवटच्या चार बोटांचा वेग आणि दार किती वेळ उघडं थांबावं तो काळ. मुलगा न्यू जर्सीला असल्यामुळे काकांना भारतीय अंदाज चालत नाही. अमेरिकेच्या मानकात असं दार किमान ५ सेकंद उघडं राहायला हवं, हे कळल्यापासून ते स्टॉपवॉच घेऊन लॉबीत बसतात. आता आम्हा प्रत्येकाचा एक आकडा आहे. तळमजल्यावरच्या वहिनी ९, कारण उंबऱ्यात त्यांना काहीतरी आठवतं. सेक्रेटरी ३, मेंटेनन्स थकवणारे २. त्याच मानकात थांबलेलं दार पुन्हा हलवताना त्याचा जोर १५ पौंडांवर, म्हणजे साधारण ६.८ किलोंवर जाऊ नये असंही आहे. तो मोजायला विमानाच्या बॅगा तोलायचा काटा हँडलला लटकतो. आल्यागेल्याला वाटतं, दारच अमेरिकेला निघालंय.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. पश्चिमेचा वारा दार मिटू देईना. सेक्रेटरी म्हणाले, जोर वाढवा. काकांनी लॅचचा वेग तेवढा वाढवला. पहिल्या मजल्यावरचं बाळ दचकून उठायला लागलं. कमी केला, तर फटीतून कुत्रं येऊन जिन्याखाली झोपलं. सभेत दीड तास यावरच गेला. एरवी मी काकांची टिंगल करतो, पण त्या दिवशी ते बरोबर होते. ‘‘कुत्र्याला हाकलता येतं. आजींचा हात सापडला तर?’’ असं म्हणून त्यांनी चावी बनियनच्या खिशात घातली आणि जोर वाढवायचा ठराव बारगळला.

वाऱ्याचा बंदोबस्त मात्र अजून चालू आहे. परवा संध्याकाळी आजी देवळातून आल्या. बटण दाबलं, दार हळूच पूर्ण उघडलं, थांबलं. उंबऱ्यात स्टुलावर काका, तोंडात स्क्रू, मान डब्यात.

‘‘दार उघडलं हो भाऊ,’’ आजी म्हणाल्या, ‘‘आता तेवढं स्टूल सरकवता का?’’

‘‘पाचच सेकंद, आजी!’’