अर्धा कोयता, पाव हजेरी

वर्गात शिकलेलं पोरगं सरस की मोबाईलवर शिकलेलं, याचा निवाडा आता म्हणे फझी गणित करणार. लुत्फी झादे यांनी १९६५ साली बर्कलीत बसून हे गणित मांडलं. गोम एवढीच, की एखादी गोष्ट आहे किंवा नाही असं तोडून न सांगता किती आहे ते सांगायचं, शून्य ते एकच्या दरम्यान. 'हुशार' ०.७, 'काठावर' ०.३.

बीडला यात नवीन काय? आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी अर्धा कोयता. मुकादम हे ०.५ केव्हापासून वहीत मांडतोय, वर त्यावर उचलही देतोय. (भास्कराचार्यांचं विज्जडवीड म्हणजे आमचंच बीड, असंही काही जण मानतात. ०.२ धरा, भांडण नको.)

तुलनेची रीत अशी: दोन्ही गटांतली किती पोरं अ श्रेणीत, किती ब, किती क, ते आलेखावर मांडायचं आणि त्या आकृतीचा गुरुत्वमध्य काढायचा. ज्याचा मध्य वरच्या श्रेणीकडे सरकला, तो गट सरस. हिशेब चोख. फक्त आकृतीत शिरायला आधी श्रेणी लागते. २०२० च्या हंगामात जे पोरगं आईबापाबरोबर फडावर गेलं, त्याची शाळा करोनामुळे बंद आणि घरातला एकुलता मोबाईल बापाच्या खिशात, मुकादमाच्या फोनची वाट बघत. ते वर्गातही शून्य, ऑनलाइनही शून्य. शून्याला वजन नसतं, त्यामुळे मध्य जागचा हलत नाही.

ज्यांच्याकडे मोबाईल होता त्यांचं तरी काय? नाव पडद्यावर, पोरगं म्हशीमागं. "आवाज येतोय का रे?" "येतोय सर, पण तुटतोय." झादेंनी ऐकलं असतं तर हेच उदाहरण घेतलं असतं!

बोर्डाने मात्र २०२१ मध्ये सगळा धुरळाच खाली बसवला. दहावीची परीक्षा रद्द. नववीचे ५०, दहावीच्या अंतर्गत लेखीचे ३०, तोंडी-गृहपाठाचे २०, निकाल ९९.९५ टक्के. प्रश्न इतका धूसर आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत लख्ख.

परीक्षा आली की कॉपीमुक्त अभियान निघतं, भरारी पथकं फिरतात. कारखान्याच्या माळावर पाचटाची कोपी असते, तिच्यातून मुक्तीचं पथक अजून निघायचंय. हंगामी वसतिगृहाची योजना आहे म्हणा. ती कितपत 'आहे', याचा शून्य ते एकमधला आकडा ज्याचा त्याने टाकावा.

हंगाम संपून पट्टा पडतो, टोळ्या परततात. सर दारातच विचारतात, "कितवीत रे तू?"

पोरगं बोटं मोजतं. "होतो पाचवीत. तसा सातवीत."