सी आणि डीमधला गडगा

संगणकातला सी ड्राइव्ह लाल पट्टी दाखवत कण्हत असतो आणि त्याच डिस्कवरचा डी ड्राइव्ह एखादा लग्नाचा अल्बम पोटाशी धरून ऐसपैस पसरलेला असतो. आमच्या मालवणात याचं कोणाला नवल नाही. एका भावाच्या माजघरात पाय ठेवायला जागा नाही आणि मुंबईकर भावाच्या वाट्याच्या खोल्यांना चतुर्थीपर्यंत कुलूप, हे इथे घरोघरी आहे.

शेजारचे आबा पडद्यावरच्या दोन्ही पट्ट्या बघून म्हणाले, "डीत जागा पडान आसा मा? मगे ती सीक दी." जागेच्या बाबतीत इतका उदार सल्ला आबांनी उभ्या आयुष्यात कोणाला दिला नसेल.

पण जागा आहे म्हणून ती मिळते, असं ना कोकणात आहे ना डिस्कवर. विंडोजमध्ये डी आकसवता येतो. मोकळी होणारी जागा मात्र निघते डीच्या पलीकडच्या टोकाला. सीला हवी असते ती स्वतःच्या उजव्या अंगाला, अगदी लागून. मध्ये अख्खा डी आडवा. त्यातून सीच्या कुशीला बहुधा एक लहानसं रिकव्हरी पार्टिशन असतं, कलमांच्या बागेत राखणदाराचं स्थान असावं तसं. उत्पन्न काही नाही, पण हलवायची छाती होत नाही. आकसवण्यालाही मर्यादा आहेच. टोकाकडे एखादी न हलणारी फाइल ठाण मांडून बसली असेल, तर विंडोज तिच्यापर्यंत येऊन थांबतं.

हे तुकडे मुळात पाडले दुकानदारांनी. विंडोज पुन्हा टाकताना सी पुसला गेला तरी फोटो डीवर शाबूत राहत, त्यामुळे तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. 1983 सालच्या डॉसपासून चालत आलेल्या जुन्या पद्धतीत मुख्य हिस्से चारच. जास्त हवे असतील तर एकाच्या पोटात आणखी पाडायचे. पोटहिस्से वाचत मोठ्या झालेल्या आम्हा लोकांना हे शिकवावं लागलं नाही. शेतीसाठी 1947 साली तुकडेबंदीचा कायदा तरी झाला. डिस्क उलट सुटली: नव्या जीपीटी पद्धतीत विंडोज 128 हिस्से पाडू देतं.

खरी मोजणी करायची तर पेनड्राइव्हवरून जीपार्टेड हे हिस्से सरकवणारं सॉफ्टवेअर सुरू करायचं, डी आकसवायचा आणि, मध्ये रिकव्हरी पार्टिशन असेल तर त्याच्यासकट, उजवीकडे सरकवायचा. सरकवायचा म्हणजे त्यातला सगळा ऐवज उचलून नव्या जागी मांडायचा. त्यात तासन्‌तास जातात आणि मध्येच वीज गेली तर ऐवज गेलाच म्हणून समजा. 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने विजेचे खांब आडवे केलेले ज्याने पाहिलेत, तो हे काम पावसाच्या तोंडावर काढणार नाही. आधी बॅकअप, मग यूपीएस, मग गाऱ्हाणं.

क्रमही चुकवून चालत नाही. पार्टिशन हा नुसता गडगा. आत कुठे काय ठेवलंय याचा हिशेब फाइल सिस्टीमकडे. आकसवताना आधी आतली मांडामांड आवरून घ्यायची, मग गडगा आत आणायचा. वाढवताना आधी गडगा सरकवायचा, मग आत पसरायचं. लिनक्सचं ईएक्सटी4 चालू असतानाही वाढतं, आकसवायला मात्र ते आधी बंद करावं लागतं. तिथलीच दुसरी फाइल सिस्टीम एक्सएफएस वाढायला केव्हाही तयार, पण आकसायचं नाव काढत नाही. असे दोन-तीन एक्सएफएस आमच्या वाडीतही आहेत.

या कटकटीवर लिनक्सवाल्यांनी 1998च्या सुमारास एलव्हीएम काढलं. सगळ्या डिस्का आणि तुकडे एका खात्यात जमा करायचे आणि ज्याला जेवढी लागेल तेवढी जागा त्यातून द्यायची. लागून असण्याची अट नाही, तुकडा कुठलाही चालतो. ज्या सामाईक सातबाऱ्यापायी इथली निम्मी घरं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, तोच तिथे रामबाण इलाज ठरला. मी हे आबांना मोठ्या उत्साहाने समजावलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"सामाईक? मगे सही कोणाकोणाची लागतली?"