कायझेनसाहेब

कारखान्यात एखादा माणूस जमिनीकडे बघत चाललेला दिसला, तर त्याचं काही हरवलंय असं समजू नका. ते कायझेनसाहेब. पिवळा पट्टा कुठे खरवडलाय ते शोधतायत. भोसरीपासून चाकणपर्यंत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कुठल्याही कंपनीत हा गृहस्थ सापडतो. हुद्दा काहीही असो; प्रॉडक्शनचा, क्वालिटीचा, कधी चक्क टाइम ऑफिसचा. एकदा कंपनीने दोन दिवस हॉटेलात कायझेनच्या, म्हणजे जपानी पद्धतीने सतत थोडी थोडी सुधारणा करत राहण्याच्या, ट्रेनिंगला पाठवलं की माणूस परत येतो तो वेगळाच. खिशात चार रंगांचं पेन, कमरेला मेजर टेप आणि मोबाइलमध्ये पोरांपेक्षा भंगाराचे फोटो जास्त.

फोटोशिवाय सुधारणा नाही, ही साहेबांची पहिली श्रद्धा. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. आमच्या टूलरूमचा एक कोपरा पोरांनी कुणी न सांगता लख्ख केला. साहेब आले, खूश झाले आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. ‘आधी’चा फोटोच नव्हता! मग स्क्रॅप यार्डातून गंजके पाइप, तेलकट बोळे आणि एक फुटकी बादली आणून कोपरा रीतसर घाण करण्यात आला. फोटो निघाला. पुन्हा झाडलोट झाली. त्या महिन्याचं बक्षीस त्याच कोपऱ्याला.

हत्यारांच्या फळ्यावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, म्हणजे पाना जागेवर नसला तर लांबूनच कळावं. कल्पना झकास आहे, वाद नाही. पण १६-१७चा पाना उघड्यावर टांगून घरी गेलं, तर उद्या सकाळी फक्त आकृतीच उरते, हे पहिल्या पाळीच्या मामांना सेटिंगवर आयुष्य काढल्यावर कळलेलं. म्हणून तो पाना मामांच्या लॉकरमध्ये राहतो. कस्टमरचं ऑडिट असलं की फळ्यावर चढतो, पाहुण्यांची गाडी गेटबाहेर पडली की उतरतो. साहेबांना हे माहीत नाही असं नाही. ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी ते मामांजवळ येऊन हळूच म्हणतात, “मामा, उद्या तेवढा पाना आणा हं.”

पाच वेळा ‘का?’ विचारण्याची पद्धत टोयोटाच्या ताइची ओनोंनी रुजवली. त्यांच्या पुस्तकातलं उदाहरण अगदी साधं. मशीन बंद पडलं, कारण लोड येऊन फ्यूज उडाला. लोड का आला? बेअरिंगला तेल पुरेसं पोचत नव्हतं. का? पंप तेल नीट ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. तो का झिजला? गाळणी नव्हती, आत लोखंडाचा चुरा जात होता. तेव्हा नुसता फ्यूज बदलू नका, गाळणी बसवा.

आमच्याकडे प्रश्न निघाला, की दुसऱ्या पाळीचं पहिल्या तासाचं उत्पादन कमी का. मशीन उशिरा सुरू होतात. का? माणसं उशिरा येतात. का? कंपनीची बस उशिरा येते. का? नाशिक फाट्याला अडकते. का? इथे मीटिंगमध्ये शांतता पसरली. पण फॉर्मातला एकही रकाना रिकामा ठेवणं साहेबांच्या धर्मात बसत नाही. ‘मूळ कारण’ या रकान्यात त्यांनी नाशिक फाटा लिहिलं, ‘जबाबदार व्यक्ती’पुढे एचआर आणि ‘पूर्ततेची तारीख’ पुढच्या महिन्याची पंधरा. पुढे मग कारणं मांडायची इशिकावांची माशाच्या सांगाड्याची आकृती फळ्यावर आली. आमचा मालवणचा ऑपरेटर ती बराच वेळ न्याहाळत होता. शेवटी म्हणाला, “सायबा, काटे दिसतत. मासो कोणी खाल्ल्यान?”

घरीही हा माणूस सुटीवर नसतो. स्वयंपाकघरात त्यांनी वहिनींना कानबान समजावून सांगितलं: दोन डबे ठेवायचे, एक रिकामा झाला की ऑर्डर द्यायची आणि तोवर दुसरा वापरायचा. वहिनींनी ओट्याखालच्या दोन गॅस सिलिंडरकडे बोट दाखवलं आणि पोळी उलटली. त्या विषयावर घरात पुन्हा ट्रेनिंग झालं नाही.

ओनो म्हणे शॉप फ्लोअरवर खडूने वर्तुळ काढून माणसाला त्यात तासन्‌तास उभं करत. नुसतं बघ म्हणत. हे वाचल्यावर साहेब स्वतःच वर्तुळ काढून उभे राहिले. थोड्या वेळाने मागून हॉर्न. फोर्कलिफ्टवाला म्हणाला, “साहेब, बाजूला व्हा, तुम्ही माझ्या पट्ट्यात उभे आहात.” पट्टा त्यांनीच आखलेला. मुकाट्याने सरकले, नवीन वर्तुळ काढलं. तिथून त्यांना दिसलं, की ड्रिलिंगवाले काका प्रत्येक कास्टिंगसाठी जमिनीवरच्या ट्रेपर्यंत वाकतात.

“काका, कंबर नाही दुखत?”

“दुखते की. कुणी विचारलं नव्हतं.”

मेंटेनन्सच्या पोराने जुन्या अँगलचं स्टँड वेल्ड करून ट्रे कमरेच्या उंचीला आणून ठेवला. खर्च जवळजवळ काही नाही. गडबडीत साहेब ‘आधी’चा फोटो काढायला विसरले, त्यामुळे बक्षीस नाही. काकांना ट्रे पुन्हा खाली ठेवून वाकून दाखवायची विनंती झाली होती. त्यांनी दिलेलं उत्तर मासिकात छापण्याजोगं नाही.

अशा माणसाची टिंगल आम्ही सगळेच करतो, चहाच्या वेळी तर रोजच. पण मशीनपाशी उभं राहून ‘त्रास काय होतो?’ असं विचारणारा आमच्या कंपनीत दुसरा साहेब नाही. बाकीचे ‘किती झाले?’ एवढंच विचारतात. टोयोटाने कामगारांकडून सूचना मागवायला १९५१ साली सुरुवात केली आणि तिथे त्या अजून येतात. आमच्या सूचनापेटीतून मागच्या वेळी चहात साखर वाढवायची मागणी, एक लग्नपत्रिका आणि पेटीची किल्ली निघाली. साहेबांनी तिन्हींना अनुक्रमांक देऊन फाइलला लावलं. तुमच्याकडे असा कुणी असेल, तर कृपा करून त्याच्या पेटीत एक खरी सूचना टाका.