कर्सरला ट्रॅफिक नसतं

पवईतल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत सकाळी साडेदहाला जा. अर्धी मंडळी जेव्हीएलआरवर मेट्रो सहाच्या खांबांखाली अडकलेली असतात आणि पोचलेली अर्धी, कर्सर एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये किती चटकन जातो यावर हमरीतुमरीवर आलेली असतात. कांजूरमार्ग स्टेशनवरून हिरानंदानीत यायला पाऊण तास गेला, याचं कुणाला काही वाटत नाही. पण फंक्शन कुठे लिहिलंय ते बघायला माउसकडे हात न्यावा लागला, तर तो घोर अपमान. माझ्या मते या दोन गोष्टींचं थेट नातं आहे. रस्त्यावर आपलं कोणी ऐकत नाही. कोड लिहायच्या एडिटरमध्ये एफ बारा दाबलं की फंक्शनच्या थेट दारात. आणि खरी चैन तर पुढेच आहे. आल्ट धरून डावा बाण दाबला की जिथून निघालो तिथे परत! या सोयीची किंमत जेव्हीएलआरवर यू-टर्न चुकलेल्या माणसाला विचारावी.

एडिटरवरून आमच्याकडे दोन पंथ आहेत, विमवाले आणि व्हीएस कोडवाले. (ईमॅक्सवाले एक गृहस्थ आहेत, पण ते मेलसुद्धा ईमॅक्समध्येच वाचतात, त्यामुळे बाहेर भांडण चालू आहे हे त्यांच्यापर्यंत अजून पोचलेलं नाही.) विमवाल्यांना माउसचा विटाळ. खाली जायला जे, वर जायला के, डावी-उजवीकडे एच आणि एल. ही अक्षरं कुठून आली? तर 1976 च्या सुमाराला बर्कलीत बिल जॉय ज्या एडीएम-3ए टर्मिनलवर व्हीआय हा एडिटर लिहीत होते, त्याच्या याच चार बटणांवर बाण छापलेले होते. बाणांची वेगळी बटणं नव्हतीच. टर्मिनल केव्हाच भंगारात गेलं. 1991 मध्ये ब्राम मोलेनार यांनी व्हीआयच्याच चालीवरचा विम लोकांपुढे आणला, तेव्हाही रीत तीच राहिली. पणजोबांच्या घराचं दार बुटकं होतं म्हणून हिरानंदानीतल्या बाविसाव्या मजल्यावरही वाकूनच आत शिरायचं, त्यातला प्रकार.

या रिवाजाचा खरा फटका मराठीत टाइप करणाऱ्याला बसतो. आमचा एक विमभक्त कोडमधल्या टिपा हौसेने मराठीत लिहितो, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर. इनस्क्रिप्टमध्ये जे म्हणजे र आणि के म्हणजे क. टीप लिहून झाली, एस्केप दाबून लिहिण्यातून बाहेर यायचं राहिलं आणि गडी सवयीने खाली जायला लागला, की फाइलमध्ये उमटतं ‘ररररररर’. वर यायचा प्रयत्न केला की ‘कककक’. एकदा हे असंच्या असं सगळ्यांच्या कोडमध्ये जाऊन बसलं. त्याचं काम तपासणाऱ्या चेन्नईच्या बाईंनी अत्यंत आदराने विचारलं, की या मराठी वाक्याचा अर्थ काय.

पूर्वी एफ बाराची ती फंक्शनच्या दारात उडी मारायची सोय साधी होती. सीटॅग्ज नावाचा प्रोग्राम सगळ्या फाइली चाळून एक यादी करायचा: अमुक फंक्शन, तमुक फाइल, इथे सापडेल. एडिटर त्या यादीत बघून उडी मारायचा. कोड बदलून यादी जुनी राहिली, तर उडी शेजाऱ्याच्या अंगणात. मग प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा स्वतंत्रपणे शिकवायची टूम निघाली. दहा एडिटर आणि वीस भाषा म्हणजे दोनशे जोडण्या! 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेनव्ही यांना सोबत घेऊन लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल मांडला. प्रत्येक भाषेचा एक जाणकार पाठीमागे बसवायचा आणि सगळ्या एडिटरांनी त्याला ठरलेल्या बोलीत विचारायचं, ‘हे कुठलं?’ दोनशेंचं काम तिसात झालं. विमवाल्यांनीही तो मुकाट्याने जोडून घेतला. कबूल मात्र कोणी करत नाही.

आमच्या शेजारीच आयआयटी आहे. तिथे साठच्या दशकात सोव्हिएत बनावटीचा मिन्स्क संगणक आला होता. त्याला कर्सरच नव्हता, तर तो हलवणार कोण? कुठला तुकडा कुठे आहे ते माणसाच्या डोक्यात असायचं. हे मी एकदा जेवणाच्या टेबलावर बोललो, तर आमचा व्हीएस कोडवाला कळवळून म्हणाला, “म्हणजे एक्स्टेन्शनच नाही?”

त्याचं दुःख खरं होतं. त्याच्याकडे एडिटरला जोडलेलं खुणा ठेवायचं एक्स्टेन्शन आहे, खुणा शोधायचं आहे, आणि ही ओळ कोणी लिहिली ते नावानिशी सांगणारंही आहे (हे शेवटचं फक्त दुसऱ्याची चूक निघाल्यावर वापरतात). कंसांच्या जोड्या रंगवायची सोय 2021 मध्ये व्हीएस कोडमध्येच आली, तरी त्यासाठीचं जुनं एक्स्टेन्शन त्याने काढलेलं नाही. असू दे, म्हणतो.

एवढ्या सगळ्यांना शॉर्टकट द्यायचे, तर कीबोर्डवर जागा उरत नाही. म्हणून जोडीचे शॉर्टकट: कंट्रोल-के, मग कंट्रोल-सी. पहिली जोडी दाबून माणूस थबकला, की खालच्या पट्टीत संदेश येतो, ‘कंट्रोल-के दाबलं आहे, दुसऱ्या बटणाची वाट बघत आहोत.’ समोर कर्सर लुकलुकतोय, खाली वधूवर सूचक मंडळाच्या संयमाने वाट बघणं चाललंय, आणि आमचा मनुष्य छताकडे बघत दुसरं बटण आठवतोय. माउसने तेवढ्यात काम होऊन चहासुद्धा पिऊन झाला असता.

मग आठवण राहावी म्हणून चिठ्ठ्या आल्या. मॉनिटरच्या चारी कडांना पिवळ्या चिकटचिठ्ठ्या, त्यावर शॉर्टकट. त्या इतक्या झाल्या की मधला कोड खिडकीतून पवई तलाव दिसावा तेवढाच दिसायचा. दिवाळीच्या आधी ऑफिसात साफसफाई निघाली. सोमवारी येऊन बघतो, तर सगळे मॉनिटर लखलखीत आणि टीम जागच्या जागी थिजलेली. कोणाला फाइल बदलता येईना, विमवाल्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना.

विचारायला गेलो, तर सफाईच्या मावशी फडकं पिळत म्हणाल्या, “दादा, सगळ्या कागदांवर एफ बारा, एफ नऊ, असलंच लिहिलेलं. मला वाटलं, तुम्हा लोकांना आपापलं पार्किंगपण ध्यानात राहत नाही. खाली वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, आपल्याकडे एफ विंगच नाही. मग दिले टाकून.”