बकुळीची मर्जी

आमच्या माण तालुक्यात पाहुण्याला 'चहा घेणार की पाणी?' असं विचारलं आणि तो 'पाणी' म्हणाला, तर यजमानाचा चेहरा उतरतो. अशा मुलखात अंगणात झाड लावणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. त्यात मला बारा महिने हिरवं, फुलणारं आणि वर वासाचं झाड हवं होतं. बिनहुंड्याचा डॉक्टर जावई मागणाऱ्या बापाकडे बघावं, तसं रोपवाटिकेतल्या माणसानं माझ्याकडे बघितलं.

"बकुळ न्या. पहिली दोन-तीन वर्षं पाणी घाला. मुळं खोल गेली की ती तुम्हाला विचारणारसुद्धा नाही." पुढचं वाक्य त्यानं पैसे खिशात टाकल्यावर उच्चारलं, "फुलायला मात्र जरा वेळ घेते."

जरा म्हणजे किती? रोप लावलं त्याच दिवशी बँकेत ठेवलेली पाच वर्षांची ठेव पिकली, तेव्हा बकुळ माझ्या कमरेला लागत होती.

चूक माझीच. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं पाणी मी तिच्या बुंध्याशी ओतायचो. पानं पिवळी पडली. घाबरून मी आणखी ओतलं. शेवटी हिनं बादली हिसकावली. "मुळं कुजतील तिची! तहान तिला लागलीय की तुम्हाला?"

मग शेजारचे संस्कृतवाले गुरुजी म्हणाले, "मेघदूत वाचा. सुंदरीनं मद्याची चूळ टाकली की बकुळ फुलते." मी आशेनं हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "बाटली घरात आणायला झाडाचं निमित्त नको." बकुळ मोहाच्याच कुळातली, तेव्हा तिला सवय असणार, असं मी समजावलं. त्याच कुळात सात्त्विक चिकूही आहे, हेही सांगितलं.

"मग चिकूच का नाही लावलात?"

आठव्या उन्हाळ्यात आम्ही महिनाभर लेकीकडे राहिलो. झाडाला पाण्याचा थेंब नाही. परतलो तर फाटकातच वास! बुंध्याभोवती नखाएवढी, तारेसारखी फुलं पडलेली. हिनं ती वेचून ओवली. सुकली तरी त्यांचा वास जात नाही, म्हणून आता ती माझ्या सदऱ्यांच्या घडीत असतात.

तेव्हा बकुळ जरूर लावा. दोन-तीन वर्षं मनापासून पाणी घाला. आणि मग खुशाल गावाला जा.